रिकाम्या शहरातली बस

बंदारी बंद पडून दीड वर्ष झालं होतं. निदान अकेयो ओगाडाची तशी समजूत होती.

बंदारी हे गाव जमिनीवर कुठेच नाही. ते अकेयोनं आणि तिच्या मावसभावानं, ओदिवूरनं, किसुमू शहरातल्या किबुये बाजारामागच्या आपल्या दुकानात बसून कॉम्प्युटरवर वसवलेलं. सरोवराकाठचं बंदर, त्यामागे बाजार, टेकडीवर दवाखाना, मधून जाणारा डांबरी रस्ता. ज्याला यायचं त्यानं आपल्या घरी बसून यावं, एक नाव घ्यावं, एक धंदा घ्यावा आणि त्या नावानं तिथे जगावं. कुणी मासे विकी, कुणी पोलिस होई, कुणी डॉक्टर. एकदा आत आलं की बाहेर आपण कोण आहोत ते सांगायचं नाही आणि दुसऱ्याला विचारायचंही नाही, हा पहिला नियम अकेयोनंच घातला होता. भरात असताना संध्याकाळी शंभरावर माणसं जमायची, मोंबासापासून पार कंपालापर्यंतची.

मग व्हायचं तेच झालं. प्रत्येकाला पोलिस नाहीतर चोर व्हायचं होतं. मासे विकायला कुणी उरेना. ओदिवूरनं आपल्या चार मित्रांना वाटेल तेव्हा वाटेल ते करायचे अधिकार देऊन टाकले, त्यांनी दिवसाढवळ्या धुमाकूळ घातला, आणि अकेयोनं एका दुपारी डोक्यात राख घालून तीसेक माणसांना एकदम हाकलून दिलं. त्यात निम्मे निरपराध होते. गाव बसायला वर्ष लागलं होतं, उठायला महिनाही पुरला. भाऊबहीण त्यानंतर कितीतरी दिवस एकाच दुकानात पाठीला पाठ लावून काम करत होते. ती कॉम्प्युटर दुरुस्त करायची, तो अंत्यविधीच्या पुस्तिका आणि मोठे फलक छापायचा, आणि दोघं गिऱ्हाइकामार्फत एकमेकांशी बोलायचे.

तोच ओदिवूर आता चहाचे दोन कप घेऊन तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"पुन्हा सुरू करू या," तो म्हणाला.

"काय?"

"काय म्हणून काय विचारतेस? लोक अजून विचारतात मला. परवा एका मयताच्या घरी फोटो आणायला गेलो, तर मयताचा पुतण्या म्हणतो, तुम्ही बंदारीवाले ना? कधी उघडताय?"

"मयताच्या घरी?"

"अगं, रडून झाल्यावर."

अकेयोला हसू आलं, आणि दीड वर्षाचा अबोला त्या हसण्यात विरघळला. पण तिनं एक अट घातली. जुनं सगळं पुसायचं. नवं गाव कोऱ्या जमिनीवर. ओदिवूरनं मान डोलावली. म्हणून ती मागच्या खोलीत गेली. तिथे धुळीनं माखलेलं एक जुनं यंत्र कोपऱ्यात घरघरत असायचं. गिऱ्हाइकांचे फोटो साठवायला ते कायम चालू ठेवलेलं होतं. बंदारीही त्याच यंत्रावर होती. तिनं पडदा जोडला, पुसायच्या आधी सहज एक नजर टाकली, आणि तिचा हात तिथेच थांबला.

बंदारी चालू होती. ती बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. आणि आत एक माणूस होता.

"ओदिवूर, इकडे ये. तुझा कुणी मित्र आत आहे का बघ."

"माझे मित्र त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत."

दोघं वाकून बघू लागले. रिकाम्या रस्त्यानं एक निळी बस चालली होती. ही बस त्यांनी पहिल्या महिन्यात हौसेनं केली होती आणि नंतर ती कुणी वापरलीच नव्हती, कारण ज्याला त्याला स्वतःची गाडी हवी होती. बस बाजाराच्या थांब्याशी आली, थांबली. दार उघडलं. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. बस थोडा वेळ तशीच उभी राहिली, दार मिटलं, उजवीकडचा दिवा लुकलुकला आणि ती दवाखान्याकडे वळली. तिथेही तेच.

"दिवा देऊन वळतोय!" ओदिवूर कुजबुजला. "कुणाला दाखवतोय दिवा? अख्ख्या गावात हा एकटा!"

चालकाचं नाव होतं जाबेझ. बंदारीत चालकाला सगळे 'डेरे' म्हणत, म्हणून डेरे जाबेझ. जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा कळलं, हा गृहस्थ गाव भरात होतं तेव्हापासून येतोय, आणि गाव ओस पडल्यावरही यायचा थांबलेला नाही. रोज दुपारी उशिरा यायचा, तासदीड तास बस चालवायचा आणि जायचा. रविवारी कधीच नाही.

"माणूस नाही हा," ओदिवूर म्हणाला. "कुणीतरी प्रोग्रॅम सोडून दिलाय आणि विसरलाय. यंत्र यंत्राला चालवतंय."

"प्रोग्रॅमला रविवारची सुट्टी कशाला लागते?"

"मग बघू या की. तो कुठून येतो ते एका क्षणात कळेल. गाव कुठलं, शहर कुठलं, सगळं."

अकेयोचं बोट त्या बटणाशी गेलंसुद्धा. ते दाबायची तिला मनापासून इच्छा झाली होती, हे खोटं कशाला बोला. पण नियम तिचा स्वतःचा होता, आणि एकदा ताळ सोडल्यानं काय होतं ते तिनं पाहिलं होतं. तिनं हात मागे घेतला.

"नको. आपण खात्री करू दुसऱ्या तऱ्हेनं," ती म्हणाली, आणि बसच्या वाटेत मधोमध एक गाय आणून उभी केली.

बस थांबली. गाय हलेना. प्रोग्रॅम असता तर आदळला असता नाहीतर वळसा घालून गेला असता. बस उभीच. मग पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात अक्षरं उमटली: "या गाईचे मालक कोण आहेत? कृपया आपली गाय बाजूला घ्यावी. मी थांबतो."

ओदिवूर खुर्चीवरून उठून उभाच राहिला. "कृपया म्हणाला! पूर्णविरामही दिला! ओस पडलेल्या गावात हा माणूस गाईच्या मालकाला कृपया म्हणतोय!"

त्या दिवशी पुसण्याचं काम राहिलंच.

दुसऱ्या दिवशी अकेयोनं एक साधी बाई उभी केली, डोक्याला फडकं, हातात टोपली, आणि तिला बाजाराच्या थांब्यावर नेऊन ठेवलं. ती कोण हे जाबेझला कळू द्यायचं नव्हतं. बस आली. थांबली. दार उघडलं, आणि या खेपेला ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उघडं राहिलं, जणू चालकाचाही विश्वास बसत नव्हता.

"या, बसा," अक्षरं आली. "कुठे जाणार?"

"जिथे बस जाते तिथे," अकेयोनं लिहिलं.

"मग शेवटपर्यंत चला. धरून बसा, पुलापाशी वळण आहे."

बस निघाली आणि गप्पा थांबल्या. अकेयोनं दोनतीनदा काहीबाही विचारलं, उत्तर नाही. पुढच्या थांब्यावर गाडी उभी राहिली तेव्हा उत्तर आलं: "माफ करा. गाडी चालू असताना मी बोलत नाही." बरोबरच होतं. माणूस बोलत नव्हता, लिहीत होता, आणि लिहायचं तर दोन्ही हात लागतात. पण त्यानं ते सांगितलं असं, की जणू भिंतीवर पाटीच लावली आहे.

मग रोजच ती जाऊ लागली. थांब्याथांब्यावर एकेक प्रश्न टाकायचा आणि पुढच्या थांब्यावर उत्तर मिळवायचं. गाव रिकामं का, असं विचारलं तर जाबेझ म्हणे, लोक शेतीच्या कामाला गेले असतील. तुमचं घर कुठे, तर म्हणे, आगाराच्या मागे. बायकापोरं? "मुली पुष्कळ आहेत. फार बोलतात." या एका उत्तरावर अकेयो आणि ओदिवूरनं एक आख्खी दुपार काढली. ओदिवूरच्या मते सात मुलींचा बाप, घरात शब्द बोलायची सोय नाही म्हणून इथे पळून येतो. अकेयोच्या मते निवृत्त मास्तर. दुकानात मांदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, द्यायला येणाऱ्या बाईनं न विचारताच सांगितलं, "तुरुंगातला कारकून असणार. तुरुंगातली माणसंच इतकी नीट वेळ पाळतात."

पण बसमध्ये बसून अकेयोला वेगळंच काही दिसायला लागलं. हे गाव तिनं बांधलं होतं, तरी ते खिडकीतून तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती नेहमी वरून बघायची, घार बघते तशी. आता थांब्यावर उभं राहिल्यावर कळलं की थांब्यावर बसायला बाकच नाही. सावली नाही. तीन बँका आहेत, कारण दरोडे घालायला बँका लागतात, पण शाळा एकही नाही. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जाऊ नये. ते सगळं पाठलागासाठी आखलं होतं. अशा ठिकाणी माणसानं जगायचं तरी काय आणि कुणाशी बोलायचं?

"पुसायचं नाही," ती ओदिवूरला म्हणाली. "बसच्या वाटेनं पुन्हा बांधायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रत्येक थांब्याशी काहीतरी कारण हवं. उतरायला कारण, चढायला कारण. दोन बँका पाड. रस्ते निम्मे कर. थांब्यावर बाक टाक, झाड लाव, आणि झाडाखाली मांदाझीची गाडी. नवीन येईल त्याला गाडी द्यायची नाही. पहिले काही दिवस त्यानं बसनंच फिरायचं."

"लोक शिव्या घालतील."

"घालू देत. शिव्या घालायला तरी एकमेकांशेजारी बसतील."

तीन महिने दोघं राबले. ओदिवूर दिवसा मयतांचे फोटो उजळायचा आणि उरलेल्या वेळात बंदारीच्या भिंती रंगवायचा. त्याच्या हातात फलकांची कला होती. न्हाव्याचं दुकान, उगाली-मासळीची खानावळ, शिंपी, सगळ्यांच्या पाट्या त्यानं रंगवल्या आणि हळूच एका भिंतीवर स्वतःच्या खऱ्या दुकानाची जाहिरातही पत्त्यासकट ठोकून दिली. जाबेझ रोज येत होता. एका दुपारी नवा बाक दिसल्यावर त्यानं बस थांबवली, खाली उतरला, बाकाभोवती एक फेरी मारली आणि बसून बघितलं. मग काही न लिहिता पुन्हा बसमध्ये चढला. अकेयोला इतका आनंद झाला, की तिनं त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा फोन फुकट दुरुस्त करून दिला.

एका शनिवारी दुपारी बंदारीचे दरवाजे पुन्हा उघडले. अर्ध्या तासात साठ माणसं आत. दुकानाचं शटर अर्धं ओढून भाऊबहीण पडद्यासमोर बसली होती. बाजारात कुणी कांदे मांडत होतं, कुणी न्हाव्यापुढे बसून उगाच भाव करत होतं. सगळं छान चाललं होतं, तोच ओदिवूरनं तिला कोपरानं ढोसलं.

"चुई आला."

चुई म्हणजे बिबट्या. हाकलून दिलेल्या तिसातला सगळ्यात तापट. त्याच्याबरोबर त्याचे चार गडी, हातात कोयते. बंदुका मिळणं आता सोपं राहिलं नव्हतं. बाजाराच्या थांब्यावर निळी बस उभी होती. पाचही जण धाडकन आत शिरले.

"कुणी हलायचं नाही!" माइकवरून चुईचा घोगरा आवाज आला. "ही बस आता आमची! डेरे, गाडी बँकेकडे घे!"

अकेयोचं बोट हाकलायच्या बटणावर गेलं. ओदिवूरनं तिचं मनगट धरलं. "पहिल्याच दिवशी? पुन्हा तेच? थांब जरा. बघू दे डेरे काय करतो."

बस निघाली. चुई ओरडत होता, लवकर, लवकर. बस रस्त्याच्या कडेला आली, दिवा दिला आणि थांबली. सगळे पुढे कोलमडले.

"माफ करा," अक्षरं उमटली. "गाडी चालू असताना मी बोलत नाही. आपण काय म्हणालात?"

"बँकेकडे घे म्हटलं!"

"बँक हा पुढून तिसरा थांबा आहे. त्याआधी खानावळ आणि दवाखाना. कृपया बसून घ्यावे, पुलापाशी वळण आहे."

"अरे, आम्ही बस पळवतोय!"

बस पुन्हा थांबली. "पळवता येणार नाही. या रस्त्यावर वेगाला मर्यादा आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तो चुईचाच गडी होता. खानावळीच्या थांब्याशी दार उघडलं. चुई किंचाळला, "दार लाव!" उत्तर आलं, "बाई चढत आहेत." खरंच एक मांदाझीवाली टोपली घेऊन चढली, पाचही कोयत्यांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाली, "कुठल्या लग्नाचा स्वयंपाक काढलात रे पोरांनो?"

"मावशी, दरोडा आहे हा."

"असू दे की. रिकाम्या पोटी दरोडा घालणार? गरम आहेत."

"खरंच गरम आहेत का?" दुसऱ्या गड्यानं विचारलं.

तोवर गावभर बातमी गेली होती की बस पळवली आहे, आणि पुढच्या थांब्याला नेमकी त्याच बसमध्ये बसायला माणसं लोटली. दवाखान्यापाशी एक पोटुशी बाई चढली. सगळ्या बसनं चुईच्या गड्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यानं कोयता काखेत मारून जागा करून दिली. बँकेशी पोचेपर्यंत बसमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. चुई धापा टाकत उतरला, दारापाशी गेला आणि परत आला.

"बंद आहे!"

"शनिवारी दुपारी बंद असते," अक्षरं आली.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आपण विचारले नाहीत. परतीची बस हीच आहे. थांबू का?"

ओदिवूर हसता हसता खुर्चीवरून घसरला आणि छापून ठेवलेल्या अंत्यविधीच्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यावर बसला. अकेयोच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. चुई बसच्या पायरीशी आला. तो आता शिव्या घालून निघून जाणार, असं तिला वाटलं. पण माइकवर आधी एक उसासा ऐकू आला, मग त्याचं दबलेलं हसू, आणि तो म्हणाला, "थांब रे बाबा. चालत कोण जाणार." परतीच्या वाटेवर प्रवाशांनी बसमध्येच त्याच्यावर खटला चालवला आणि आठवडाभर सगळे थांबे झाडायची शिक्षा दिली. त्यानं ती पुरी केली. झाडता झाडता लोकांशी भांडला, बोलला, आणि पुढच्या शनिवारी बंदारीला माणसं दुपटीनं आली. दरोड्याच्या त्या बसमध्ये आपण होतो असं सांगणारे तर बसमध्ये मावणार नाहीत इतके झाले.

अकेयोनं जाबेझला गावाच्या पंचमंडळात घ्यायचं ठरवलं. तिनं आता आपण कोण ते सांगितलं आणि रीतसर विनंती केली. बस उभी करून उत्तर आलं: "आभारी आहे. बैठका कधी असतात?"

"संध्याकाळी सातला."

"मग जमणार नाही. तेव्हा आमची प्रार्थना असते."

अकेयो त्या वाक्याकडे बघत राहिली. 'माझी' नव्हे, 'आमची'. विचारायचं नाही हा नियम. पण त्या दिवसापासून तिला नीट जेवण जाईना.

दोनेक आठवड्यांनी, बाजाराच्या दिवशी, दुकानात राखाडी झग्यातल्या एक सिस्टर आल्या. साठीच्या आसपास, बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, काखेत छापायच्या यंत्राचा बिघडलेला भाग वर्तमानपत्रात गुंडाळलेला. काकामेगाच्या पलीकडच्या मुलींच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते म्हणाल्या. नाव सिस्टर स्कोलास्टिका. अकेयोनं भाग उघडून तपासायला घेतला. सिस्टर मात्र तिच्याकडे नाही, भिंतीवरच्या फलकांकडे बघत होत्या.

"हे फलक कोण रंगवतं?" त्यांनी विचारलं.

"मी," ओदिवूर छाती फुगवून म्हणाला.

"अक्षर सुरेख आहे. पण दवाखान्याच्या थांब्यावर 'प्रवासी' शब्द चुकलाय. रोज डोळ्यांना टोचतो. कृपया तेवढं दुरुस्त करावं."

ओदिवूर म्हणाला, "कुठल्या दवाखान्याच्या? सिस्टर, मी दवाखान्याचं काम केलेलंच नाही, मी फक्त मयतांचं..." आणि वाक्य अर्धंच राहिलं. अकेयोच्या हातातला पेचकस खाली पडला होता.

"डेरे?" ती हलकेच म्हणाली.

सिस्टरनी दाराकडे एकदा बघून घेतलं, मग खुर्ची ओढून बसल्या. "चहा असेल तर घेईन. साखर जास्त घाल बाळ."

नियम सिस्टरनी स्वतःच मोडला होता, तेव्हा आता विचारायला हरकत नव्हती. अकेयोनं जे विचारायचं ते सगळं एका दमात विचारलं.

"माझ्या वर्गातल्या एका मुलीनं शाळेच्या कॉम्प्युटरवर हे चोरून बसवलं होतं," सिस्टर सांगू लागल्या. "ते काढून टाकायचं काम मदरनी माझ्यावर सोपवलं. म्हटलं, काढण्याआधी काय आहे ते बघावं तरी. आत गेले, तर पेट्रोल पंपाशी एकानं मला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातली. म्हटलं, हा काय प्रकार? माणसाला विचारत नाहीत, बोलत नाहीत? तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात ती बस दिसली. बसमध्ये बसल्यावर कुणी मारायला येईना, बस आहे हेच कुणाला माहीत नव्हतं."

"आणि ते काढून टाकायचं काम?"

"ते चालू आहे," सिस्टर गंभीरपणे म्हणाल्या. "मदर विचारतात तेव्हा मी हेच सांगते."

ओदिवूर गठ्ठ्याआड तोंड लपवून हसत होता.

"पण रिकाम्या गावात, सिस्टर? दीड वर्ष? कुणी चढत नसताना प्रत्येक थांब्यावर थांबायचं?"

सिस्टरनी चहाचा घोट घेतला. "मी सोळाव्या वर्षी मठात आले. तेव्हापासून मला सगळीकडे कुणीतरी नेतं. इकडे बदली, तिकडे बदली, गाडीत बसा सिस्टर, उतरा सिस्टर. तक्रार नाही हो माझी, सुखात आहे मी. पण आपण कुणालातरी नेतोय ही काय चीज असते, ते मला बघायचं होतं. गाव ओस पडलं तेव्हा मीही विचार केला, आता कशाला? मग वाटलं, कुणी आलंच आणि बस नसली तर? एवढंच. फार मोठं काही नाही त्यात." मग त्या जरा लाजल्या. "आणि खरं सांगू? पुलापाशी ते वळण मला फार आवडतं."

"मग जाबेझ का? पुरुष का?"

"बाईला डेरे म्हणून कुणी गाडी चालवू दिली असती का गं? पहिल्याच थांब्यावर दहा जणांनी गाडी कशी चालवायची ते शिकवलं असतं."

हे अकेयोला पटलं. तिला रोज हाच अनुभव होता. यंत्र दुरुस्त झालं, सिस्टरनी पैसे मोजून दिले, सवलत घेतली नाही, आणि जाता जाता म्हणाल्या, "आणखी एक. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मी येणार नाही. उपासाच्या दिवसांत आवडती गोष्ट सोडायची असते. पूर्वी साखर सोडायचे. या वर्षी बस सोडते. दुसरा चालक बघ."

बंदारीत ही बातमी फुटली तेव्हा हलकल्लोळ झाला. डेरे जाबेझ रजेवर! आजारी आहे का? लग्न करतोय का? बदली चालक म्हणून सगळ्यांत आधी ज्यानं हात वर केला तो चुई होता. जाबेझनं जायच्या आदल्या दिवशी त्याला शेजारी उभं करून दोन फेऱ्या मारल्या आणि शेवटी लिहिलं: "वळणापाशी घाई करतो. बाकी बरा आहे. शिकेल."

चुई खरंच शिकला, पण गावाचा जीव घेऊन. पहिल्या दिवशी तो दोन थांबे विसरला आणि मांदाझीवालीनं त्याला सरोवराकाठी उतरवून मागे चालत पाठवलं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तो स्वतःच प्रवाशांना धरून बसा म्हणू लागला होता. फक्त एक गोष्ट त्याला जमेना. तो गाडी चालवताना अखंड बोलायचा. त्याला माइक होता, हात मोकळे होते.

एका दुपारी अकेयो टोपली घेऊन बसमध्ये चढली. टोपलीवाली म्हणजे अकेयो हे एव्हाना गावभर झालं होतं. बस जवळपास रिकामी होती.

"तुला माहीत आहे ना?" चुईनं विचारलं. "जाबेझ कोण आहे ते? लोक म्हणतात, अकेयोला माहीत आहे."

"माहीत आहे."

"सांग ना ताई. कुणाला नाही सांगणार."

"नियम आहे."

"बरं, मी ओळखतो, तू फक्त हो की नाही सांग. पलटणीतला असणार. निवृत्त सुभेदार. इतका थंड माणूस दुसरीकडे तयार होत नाही. माझ्या हातात कोयता होता आणि त्यानं मला वेगमर्यादा सांगितली! नाही? मग सर्जन. हात थरथरत नाहीत त्याचे. तेही नाही? हसतेस काय? नैरोबीचा असणार, तिकडचे लोक इतकं शुद्ध... नाही? ताई, निदान एवढं सांग, म्हातारा आहे की तरुण?"

दुकानात खरं गिऱ्हाईक येऊन टेबलावर टकटक करत होतं. अकेयोनं टोपली उचलली आणि पुढच्या थांब्यावर उतरली. बस निघाली तरी चुईचा आवाज खिडकीतून येतच होता. आता तो मागच्या बाकावरच्या कांदेवाल्याला विचारत होता, तुला काय वाटतं, आणि कांदेवाल्यानं त्यावर आपलं मत सांगायला सुरुवात केली होती.